हरबाची जोडणी

एका लहानशा गावात हरबा नावाचा एक भोळा तरुण राहायचा. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. पंचाईत तीच होती.

त्याच्या बहिणीचं, वेणूचं, लग्न ठरलं. मुहूर्त संध्याकाळचा. वेणू म्हणाली, "दादा, मांडवातले दिवे तूच लाव हं. सासरच्यांपुढे माझी मान ताठ राहू दे."

म्हणून हरबा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शकूमावशीकडे शिकायला गेला.

पहिल्या दिवशी मावशीनं मीटर दिलं. "सेलच्या दोन टोकांना दोन तारा लाव. काटा हलला नाही, तर सेल मेला समज."

हरबा मीटर घेऊन घरी आला. ओसरीवर आजोबा दुपारचे झोपले होते. त्यानं एक तार त्यांच्या डोक्याला लावली, एक पायाला. काटा हलेना. हरबानं गळा काढला. गाव गोळा झालं.

आजोबा उठून बसले. "कोण गेलं रे?"

"तुम्ही!"

"मी? कधी?"

"आत्ताच. मीटर खोटं बोलत नाही, आजोबा."

मावशीनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तिनं मुगाएवढा दिवा दिला. "हा एकाच बाजूनं लागतो. लागला नाही, तर टोकं बदलायची."

घरी म्हैस दूध देईना. हरबानं टोकं बदलली. वैरण शेपटीकडे ठेवली, बादली तोंडापुढे. म्हैस डोक्यात बादली घालून गावभर फिरून आली.

"अरे बाबा, आता एवढं तरी नीट ऐक," मावशी काकुळतीला आली. "दोन टोकं जोडताना आधी मेन बटण बंद. जोडली की चालू. दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर. मग तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"नाही देणार," हरबा म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मांडव नुसता झगमगला. सासरचे माना वर करून बघत राहिले. वेणू खुलली. मावशीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला. वधूवरांनी हार उचलले.

हरबा दचकला. दोन टोकं जोडतायत, आणि बटण चालूच!

खट्.

काळोख. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, हार पडले. हरबानं बटण चालू केलं.

वेणूचा हार भटजींच्या गळ्यात होता. नवरदेवाचा, वेणूच्या मामांच्या.

भटजींची बायको पदर खोचून पुढे धावली. हरबा दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला.

"थांबा, काकू! दिवा लागलाय. जोडणी बरोबर आहे. आता कुणी हात लावायचा नाही!"