एकेचाळीस निकष

"…पण पडदा कळफलकापासून सुटा होत असेल, बाईजी, तर त्या यंत्राला एक वस्तू म्हणायचं की दोन?"

मठाच्या ओसरीवर बसून बाईजी बोरू तासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या प्रश्नावर आमच्या मठात तीन पिढ्या भांडण झालं," त्या म्हणाल्या. "फक्त तेव्हा विषय जीव आणि परमेश्वर हा होता."

"मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय."

"ते कळलं. भांडण तेच आहे."

शर्वरी दाणी विद्यापीठात जुनी हस्तलिखिते शिकवत असे. त्यांचे वाचन ती स्वतः शिकली होती याच ओसरीवर, बाईजींच्या हाताखाली. मठातील पोथ्या नकलून काढणाऱ्या लेखनिकांनी समासात स्वतःविषयी जे चार शब्द लिहून ठेवले होते, त्यांवर तिला पुस्तक लिहायचे होते. त्यासाठी तिला वर्षाची रजा मिळाली होती.

दहा महिने संपले होते. पुस्तकाचे एकही पान झाले नव्हते. उरलेल्या दोन महिन्यांत पहिले प्रकरण हाती आले नाही, तर विद्यापीठ हा विषय दुसऱ्या कोणाकडे सोपवणार होते.

विलंबाचे कारण, तिच्या मते, एकच होते. यंत्र ठरत नव्हते.

"आज पाचपर्यंत नाव कळवायचंय. खरेदी विभागातले पाटणकर फोन करणार आहेत," ती म्हणाली आणि तिने चार पानी तक्ता गुडघ्यावर उलगडला. "एकेचाळीस निकष आहेत. प्रत्येकाला त्याच्या महत्त्वानुसार भार दिलाय. वजन, जाडी, बॅटरी, पडद्याची चमक, कळ किती खोल दबते… सगळं. सडपातळ लॅपटॉपला अठ्ठ्याहत्तर गुण. पडदा सुटा होणाऱ्या टॅबलेटला…"

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

बाईजींचा चाकू थांबला. त्या इतक्या हसल्या, की बोरूच्या तासलेल्या ढलप्या त्यांच्या मांडीवरून उडाल्या.

"भार बदलून पाहिलास?"

"सहा वेळा."

"मग?"

"लॅपटॉप पुढे गेला, की मला टॅबलेटची दया येते. मग मी पडदा सुटा होण्याचा भार वाढवते."

"आणि टॅबलेट पुढे गेला, की?"

"…लॅपटॉपची."

"सासू म्हणून शोभशील," बाईजी म्हणाल्या. "दोन्ही सुनांना सारखंच छळशील."

शर्वरीला हे आवडले नाही. तिने घसा साफ केला.

"बाईजी, तुम्ही टॅबलेट पाहिला नसेल. म्हणजे बघा, पाटीसारखी एक वस्तू असते, आणि तिच्यावर बोटाने…"

बाईजींनी लिहिण्याच्या चौरंगाखाली हात घातला. लाल फडक्यात, पोथी बांधावी तसा बांधलेला, एक टॅबलेट त्यांनी बाहेर काढला.

"भुसावळच्या एका भक्ताने दिला. मोतीबिंदू झाल्यापासून याच्यावरच वाचते. फोटो काढला की अक्षर हवं तेवढं मोठं होतं." त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली. "पाटी म्हणालीस ना? हं. चालेल."

शर्वरीचे कान लाल झाले.

"म्हणजे तुमचा कौल टॅबलेटला?"

"मला वाचायचं होतं," बाईजी म्हणाल्या.

"…एवढंच?"

"एवढंच."

शर्वरीने हे उत्तर तक्त्यात कुठे बसते ते पाहिले. बसले नाही.

बाईजींनी दोन बोरू तिच्यासमोर ठेवले. एकाचे टोक रुंद आणि तिरपे होते, दुसऱ्याचे बारीक.

"यातला एक उचल."

"कशासाठी?"

"उचल तर खरी."

"असा कसा उचलू?" शर्वरीच्या आवाजात वर्गातला ताठा परत आला. "पोथी लिहायची आहे की पत्र? अक्षर केवढं काढायचं? कागद हाताने केलेला आहे की गिरणीतला? ओळीत किती अक्षरं बसवायची? काय लिहायचं ते ठाऊक नसताना बोरू उचलणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे. तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी."

"शिकवलं खरं."

"काय लिहायचं ते न विचारता बोरू उचलणारा माणूस अडाणी, असंही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग?"

बाईजी पुन्हा चाकूकडे वळल्या.



अंगणातल्या चिंचेवर साळुंक्यांचा गलका चालला होता. शर्वरीची नजर गुडघ्यावरच्या तक्त्यावर गेली. तिने पहिला निकष वाचला. मग दुसरा. बोट खाली सरकत एकेचाळिसाव्यापर्यंत गेले. मग ते पुन्हा वर आले, आणि या वेळी फार सावकाश उतरले.

"काय शोधतेस?"

"एक निकष."

"आहे?"

"…नाही."

तिच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता, हे तिच्या स्वतःच्याही थोडे उशिराच लक्षात आले. मग तिने तो अडवला नाही.

"दहा महिने," ती डोळे पुसत म्हणाली. "बाईजी, दहा महिने."

"कळ किती खोल दबते, ते मात्र अचूक मोजलंस."

"मिलिमीटरच्या दशांशापर्यंत."

"विद्वान आहेस. उगाच म्हणत नाहीत लोक." बाईजींनी दौतीचे झाकण काढले. "पुस्तकाचं पहिलं वाक्य काय?"

"अजून ठरलेलं नाही. आधी विषयाची व्याप्ती निश्चित करावी लागेल, मग पूर्वसूरींच्या मतांचा आढावा…"

"शर्वरी."

"हो."

"पहिल्या वर्षी इथे आलीस, तेव्हा एका पोथीचा समास वाचून या खांबाला धरून हसली होतीस. स्वयंपाकघरातून बायका धावत आल्या होत्या, पोरीला काय झालं म्हणून. काय होतं ते?"

शर्वरीने खांबाकडे पाहिले.

"डास," ती म्हणाली.

"सांग."

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ऐकायचंय."

"सबंध अध्याय त्याने मोत्यासारख्या अक्षरांत नकलला होता. एक खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर मात्र दोन अक्षरं वेडीवाकडी. आणि समासात लिहिलं होतं… 'हा दोष माझा नव्हे. डासाचा.'"

बाईजींचे खांदे हलू लागले. शर्वरी पुढे झाली.

"आणि तो एकटा नव्हता, बाईजी. पुढच्या पिढीतल्या लेखनिकाने त्याचीच पोथी नकलली. मजकूर तसाच उतरवला. पण समासात स्वतःची भर घातली, 'डास अद्याप आहेत.' मी सगळे जमवलेत. एकोणीस जण आहेत. एकाने तर…"

बोलता बोलता तिने तक्त्याचे शेवटचे पान उलटे केले. मागची बाजू कोरी होती. तिने बारीक टोकाचा बोरू उचलला, शाईत बुडवला, दौतीच्या काठावर निथळू दिला. लिहिताना ती बोलतच होती. मग बोलायची थांबली.

ऊन खांबावरून जोत्यावर उतरले. बाईजींनी आणखी एक बोरू तासून ठेवला.

पान भरल्यावर शर्वरीने ते दोन्ही हातांनी पुढे धरले, पहिल्या दिवशी धरले होते तसे. बाईजींनी लाल फडके सोडले, पानाचा फोटो काढला, आणि अक्षर मोठे करत करत मोठ्याने वाचले:

"'या मठातील लेखनिकांनी परमेश्वराचे वर्णन मजकुरात केले आणि डासांचे समासात. त्यांपैकी दुसरे वर्णन अधिक स्वतंत्र आहे…'"

पुढचे त्यांना वाचता आले नाही. टॅबलेट मांडीवर ठेवून त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. स्वयंपाकघरातून एक बाई दारापर्यंत आली, दोघींकडे पाहून परत गेली.

तेवढ्यात शर्वरीचा फोन वाजू लागला. पाचाला दहा मिनिटे कमी होती. तिची बोटे पेरापर्यंत काळी झाली होती. पान ओले होते. ते कुठे ठेवावे, फोन कोणत्या हाताने घ्यावा, हे तिला सुचेना.

"पाटणकर आहेत," ती म्हणाली. "बाईजी, काय सांगू?"

बाईजींनी पानावर हलकी फुंकर घातली.

"आधी शाई वाळू दे."