सुभेदारांचा वजनाचा हिशेब

सुभेदार विसाजीपंतांना जलविहाराची हौस आली आणि नव्या गलबतावर त्यांनी चक्क शिसवी दिवाणखाना चढवला! वरच्या भाराने गलबत कलंडेल, तोल धरायला तळाच्या टाकीत भरलेलं पाणीही पुरणार नाही, असं खलाशांचा म्होरक्या तांडेल काकुळतीने सांगू लागला, तर पंत गरजले, "जेवढं वजन वर चढलं, तेवढं तळाच्या टाकीतलं पाणी उपसा. हिशेब सरळ आहे! नाही म्हणेल त्याला कोठडी!"

वा रे हिशेब! बुडायचं खलाशांनी आणि बेरीज करायची यांनी.

त्या खलाशांत नागूबाईचे दोन मुलगे होते. राग गिळून ती पुढे आली. "सरकार, हिशेब इतका पक्का आहे, तर पाणी उपसताना दिवाणखान्यात आपणच बसा. पहिला मान आपला."

अख्ख्या बंदरासमोर नाही कसं म्हणणार? पंत ऐटीत लोडाला टेकले. टाकी रिकामी होऊ लागली तसं गलबत एका अंगावर झुकलं आणि पंतांची पगडी थेट पाण्यात गेली. खांबाला मिठी मारून ते ओरडले, "थांबा! भरा, पाणी परत भरा!"

धक्क्यावरून नागूबाई कडाडली, "का हो सरकार? वजन तर पहिल्याइतकंच आहे. आज हिशेबात फक्त तुमचा जीव धरलाय!"