मैनेला विचारलेला प्रश्न

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पक्षी माणसांसारखे बोलत. माणसं पोपटासारखी बोलत, आणि ते मात्र अजून तसंच चालू आहे.

एका गावात एक दोर वळणारा राहत होता. बायको लवकर गेली, मागं एक मुलगी ठेवून. बापलेकीचं घर म्हणजे एक झोपडी, पुढं लांबट अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक चिंच. अंगणातच त्यांचा धंदा चाले. लांब दोर काही एकट्यानं नीट वळता येत नाही. एकानं टोक धरून पीळ द्यायचा, दुसऱ्यानं वाखाचे धागे जोडत मागं मागं सरकायचं. मुलगी टोक धरायची आणि सगळा वेळ बडबडायची. मुंग्या जातात कुठं, चांदोबा कधीकधी दिवसा का दिसतो, विहिरीला तळ कुणी घातला. बाप म्हणायचा, "अगं, जरा जिभेला विसावा दे!" पण ती गप्प झाली की त्यालाच चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

गावाबाहेरच्या टेकडीवर राजाची पाठशाळा होती. मुलगी हुशार निघाली, म्हणून गुरुजींनी तिला निवडलं. पाठशाळेचा नियम कडक होता. एकदा वर गेलेलं मूल शिक्षण पुरं होईपर्यंत खाली येत नसे, आणि आईबापांना वर जायला बंदी. शिक्षण संपलं की पहिल्या आलेल्या मुलाला राजधानीतून बोलावणं येई. बाकीची मुलं आपापल्या घरी परतत.

मग आईबापांना मुलांचं कळायचं कसं? त्यासाठी एक मैना होती. दर पौर्णिमेला सकाळी ती टेकडीवरून उतरे आणि पारावरच्या वडाच्या फांदीवर बसे. एका घराला एकच प्रश्न. विचाराल तेवढंच ती सांगे, वर एक अक्षर नाही. प्रश्न संपले की भुर्रकन परत उडून जाई. ती वर जाऊन काय करते, हे कुणी कधी विचारलं नाही. त्यात आपला प्रश्न कोण वाया घालवणार?

मुलगी गेली त्या दिवशी बापानं दोराचं दुसरं टोक चिंचेला बांधलं. चिंच टोक घट्ट धरी. पण पीळ सगळा त्यालाच द्यावा लागे, आणि चिंच बोलत तर नसेच.

पहिल्या पौर्णिमेला तो सगळ्यांच्या आधी पारावर पोचला. पारावर म्हणजे पाराच्या पायथ्याशी, कारण वर बसायचा मान मोठ्या घरांचा. त्याचा प्रश्न तयार होता. मुलीला लहानपणापासून एक सवय होती. झोपताना दोराच्या एका तुकड्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. जायच्या गडबडीत तो तुकडा घरीच राहून गेला होता. माझी पोर झोपते का नीट, एवढंच त्याला विचारायचं होतं. वाटेत त्यानं ते मनाशी किती वेळा घोकलं असेल!

पाटलांनी विचारलं, "आमचा कितवा?"

मैना म्हणाली, "दुसरा." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

सोनारानं विचारलं, "आमचा कितवा?"

"बारावा." सोनाराचं तोंड एवढंसं झालं. तो खाली मान घालून उठला आणि लोक त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

मग शेळ्या राखणारी एक बाई पुढं झाली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मैनाबाई, माझी लेक पोटभर जेवते का गं?"

"दोन घास जास्तच जेवते," मैना म्हणाली.

पार खो खो हसला. पाटील म्हणाले, "काय गं, पोरीला शाळेत घातलंस की खानावळीत?" बाई मात्र समाधानानं शेळ्यांमागं निघून गेली.

दोर वळणाऱ्याची पाळी आली. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. त्याच्या ओठांवरचा प्रश्न तिथंच सुकला. त्याला वाटलं, आता आपण झोपेचं विचारलं तर हे लोक महिनाभर आपली टर उडवतील. तो हळूच म्हणाला, "माझी कितवी?"

"पहिली."

मग पाटील जरा सरकून बसले आणि म्हणाले, "अरे, खाली काय बसलास? वर ये." त्याच्या बापजाद्यांना कुणी कधी पारावर बोलावलं नव्हतं. तो वर बसला. दगड उन्हानं छान ऊबदार झाला होता.

तो तरंगतच घरी आला. अंगणात पाय ठेवला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, ही बातमी सांगायला घरात कुणीच नाही. त्यानं ती चिंचेला सांगितली. चिंचेला कौतुक कसलं! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दर पौर्णिमेला तो ठरवून निघे की आज विचारायचंच. पण पारावर त्याची जागा ठरून गेली होती. दुसऱ्या कुणाचं पोर पुढं गेलं तर नाही ना, हीही धाकधूक असे. तोंड उघडलं की बाहेर यायचं, "कितवी?" आणि मैना म्हणायची, "पहिली." एकदा उत्तर देऊन झाल्यावर मैनेनं मान वाकडी केली आणि त्याच्याकडे उगाच बघत बसली. आणखी काही विचारेल म्हणून थांबली असावी. त्यानं नजर चुकवली.

अशी वर्षं गेली. शिक्षण संपलं, आणि पहिली आलेली मुलगी टेकडी उतरून घरी आली. सकाळी राजधानीचा मेणा येणार होता. एक दिवस तेवढा हातात होता. बापानं गरम भाकरी केली, अंबाडीची भाजी केली, वर लसणीची फोडणी दिली.

"आवडली?"

"हो."

"वर थंडी असते?"

"असते."

"माझी आठवण यायची?"

"यायची."

विचारलं तेवढंच ती सांगत होती, वर एक अक्षर नाही. दिवस मावळेपर्यंत बापाला वाटू लागलं, आपल्या घरात मुलगी नाही, मैनाच येऊन बसली आहे.

सकाळी तिनं न सांगता चिंचेला बांधलेलं टोक सोडून हातात घेतलं. पीळ अगदी जुन्यासारखा देत होती. अंगणात वाखाची सळसळ तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात मेणा आला. भोई दारात उभे राहिले.

"पोरी," तो म्हणाला, "तुला जायचं आहे का?"

ती थबकली.

"ठाऊक नाही, बाबा."

"ठाऊक नाही? अगं, तू तर पहिली!"

"पाठशाळेतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. हा मला कुणी कधी विचारलाच नाही."

"मी विचारणार होतो गं. दर वेळी विचारणार होतो..."

"तुम्ही 'कितवी' विचारायचात. मैना वर येऊन सांगायची ना, कुणाच्या घरून काय विचारलं ते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं सोसला असता. "तुम्हाला तेच हवं होतं. म्हणून मी दर वेळी तेच तयार ठेवायचे."

ती पाया पडली. मग हातातलं टोक तिनं पुन्हा चिंचेला बांधलं, गाठ पक्की बसली का ते ओढून पाहिलं, आणि मेण्यात जाऊन बसली.

पुढच्या पौर्णिमेला तो पारावर गेला. लोकांनी त्याला मधोमध जागा दिली. त्यानं हात जोडले आणि इतक्या वर्षांचा प्रश्न एकदाचा विचारला. "मैनाबाई, माझी पोर झोपते का नीट?"

मैना म्हणाली, "ज्याचं मूल टेकडीवर नाही, त्याला प्रश्न नाही."

"आता आणखी काय विचारायचं राहिलं तुझं?" पाटील म्हणाले. "पहिली आली ना? सुटलास!"

तो पारावरून उतरला आणि पुन्हा कधी वर चढला नाही.

एके दिवशी रस्त्यावरून हसण्याबोलण्याचा गलका आला. शेळ्या राखणारी बाई आणि तिची लेक चालल्या होत्या. लेक पाठशाळेत शेवटची आली होती. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळे कुणाचं कुणाला ऐकू जात होतं देव जाणे. लेकीला चिंचेला बांधलेला दोर दिसला तशी ती थांबली.

"काका, टोक धरू का?"

त्यानं मान डोलावली. तिची आई शेळ्या घेऊन पुढं गेली. दोर थोडा वळून झाला आणि त्यानं चाचरत विचारलं, "बाळ, माझी लेक वर नीट झोपायची का गं?"

"आधी नाही झोपायची. रडायची. मग माझ्या शेजारी निजायला लागली. माझ्या वेणीचं टोक मुठीत धरलं की लगेच झोप लागायची तिला."

बापाच्या हातातला वाख निसटला. त्यानं तो उचलला.

"आणि बोलायची का?"

"पहिल्यांदा खूप. मुंग्यांचं, चांदोबाचं. पुढं पाठांतर वाढलं, मग बोलणं कमी झालं." ती पीळ देता देता हसली. "काका, पौर्णिमेला मैना परत आली की आम्ही सगळ्या गोळा व्हायचो. सगळ्यांच्या घरचा प्रश्न एकच. माझ्या आईचा तेवढा वेगळा. तो ऐकायला तुमची लेक सगळ्यांच्या पुढं बसायची. मैनेला म्हणायची, तो जेवणाचा प्रश्न पुन्हा एकदा सांग ना."

दोर वळणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. तिला आजारपणात कुणी बघायचं, तिला कशाची भीती वाटायची, ती शेवटची मोठ्यानं कधी हसली. पोरीनं आठवून आठवून सगळं सांगितलं. दोर लांबत गेला, उन्हं उतरली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली, पण ती दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडून.

दुरून हाक आली, "अगं ए, जेवायला चल!"

"आले गं आई!" म्हणत पोरगी टोक टाकून धावत सुटली.

दोर वळणाऱ्यानं हातातला वाख खाली ठेवला. अंगण ओलांडून गेला, खाली पडलेलं टोक उचललं आणि चिंचेला बांधलं.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात असू द्या: मूल कितवं आलं ते शाळा सांगते, मूल कसं आहे ते आपणच विचारायचं असतं, आणि वेळेत विचारायचं असतं.