डोंगरमाथ्यावरचा खोटा पाऊस

एकदा एका पूरसूचना कार्यालयात एक वृद्ध अभियंता आणि त्याचा तरुण शिष्य काम करीत होते. डोंगरातल्या पर्जन्यमापक यंत्रांचे संदेश अहोरात्र संगणकावर येत. त्यांतला धोक्याचा तेवढा वेचायचा आणि नदीकाठचा भोंगा वाजवायचा, एवढेच काम. ज्याने ते कधी केले नाही, त्याला ते फारच सोपे वाटते.

माथ्यावरचे एक यंत्र बिघडले होते. लख्ख उन्हात ते 'अतिवृष्टी' म्हणून ओरडे. भोंगा वाजला की नदीच्या पात्रातले लोक सामान टाकून वर पळत आणि शिव्या देत परतत. अखेर शिष्याने कंटाळून संगणकावर चाळणी लावली. त्या यंत्राकडून येईल ते परस्पर बाजूच्या कप्प्यात जाऊ लागले. कार्यालयात शांतता झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढे यंत्र दुरुस्त झाले. कारागिराने तसे कळवलेही. पण कळवले त्याच यंत्रावरून, त्यामुळे तो निरोपही कप्प्यात जाऊन पडला.

वैशाखातल्या एका दुपारी माथ्यावर ढगफुटी झाली. यंत्राने या वेळी खरे सांगितले, पण भोंगा वाजला नाही. कोरड्या पात्रात कलिंगडे लावून राहणारे नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी वाहून गेली. मुलगी तर सापडलीच नाही.

शिष्याने त्याच दिवशी चाळणी काढून टाकली. आता तो आलेला प्रत्येक संदेश वाची; अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. एके सकाळी वृद्ध त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने चाळणी पुन्हा लावली, या वेळी सगळ्या यंत्रांच्या किरकोळ संदेशांवर.

"सर!" शिष्य ताडकन उठला. "हिच्यापायी तीन जीव गेले, आणि तुम्ही हीच परत लावता?"

"बस. आज काय काय वाचलंस?"

"सगळं."

"पुलाजवळचं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र पहाटेपासून गप्प आहे. कळलं तुला?"

शिष्याने घाईघाईने यादी चाळली; पुलाचा एकही संदेश नव्हता.

वृद्ध म्हणाला, "चाळणी लावलीस, ती चूक नव्हती. बाजूला काय टाकलं, ते तू पुन्हा बघितलं नाहीस. यंत्र खोटं बोलतंय एवढंच पाहिलंस. हे खरं निघालं तर मरेल कोण, हा प्रश्न आधी विचारायचा असतो रे. कोणी मरणार नसेल तर खुशाल टाकून दे. माणूस मरणार असेल, तर रोज फोन करून खात्री करायची. आणि आता सगळं वाचतोस, ते त्या लोकांसाठी नाही. उद्या कोणी तुला बोल लावू नये, म्हणून वाचतोस."

शिष्य ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून त्याने पुलावरच्या चौकीदाराला फोन लावला.

"पात्रात आता कोणी आहे का?"

"आता कोण राहणार, साहेब? त्या पोरीचा मामा तेवढा वाळू उकरत फिरतोय. ऐकत नाही कुणाचं."



"तो वर येईपर्यंत फोन चालू ठेवा," शिष्य म्हणाला, "आणि पाणी दिसतंय तसं मला सांगत राहा."