पेरू पडण्याचा वेग

एकदा एक शिष्या बिघडलेली वस्तू घेऊन गुरूकडे गेली, आणि गुरूने ती दुरुस्त करायचे सोडून तिच्याजवळची धड वस्तूही बिघडवून ठेवली. असा गुरू तुम्हाआम्हाला भेटला असता, तर आपण त्याला दारातूनच हात जोडले असते. शिष्येच्याही मनात तेच आले होते. पण ती थांबली, म्हणून ही कथा सांगता येते.

गुरूचे नाव हणमंत आवटी. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून नगरवाचनालयापर्यंत अनेकांचे संगणकाचे प्रोग्रॅम त्यांनी तीस वर्षे लिहिले, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पडवीत चार-पाच जणांना तीच विद्या फुकट शिकवू लागले. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची त्यांना खोड होती. त्यामुळे फुकट असूनही गर्दी होत नसे.

शिष्या शमा मुजावर. गावात एक पुनर्वसन केंद्र आहे. अंगावरून वारे गेलेली माणसे तिथे हातापायांचा व्यायाम करायला येतात. त्या केंद्रासाठी शमाने संगणकावरचा एक खेळ तयार केला होता. पडद्यावर पेरूचे झाड. पेरू देठापासून सुटतो आणि खाली येऊ लागतो. टेबलावर सुताराकडून करून घेतलेली, चाकांवर सरकणारी लाकडी मूठ. रुग्णाने अधू हाताने ती सरकवली की पडद्यावरची टोपली सरकते, आणि वेळेवर सरकली तर पेरू टोपलीत. एवढाच खेळ. पण ‘हात हलवा, हात हलवा’ असे डॉक्टरांनी महिनोन्‌महिने सांगूनही जे हलले नव्हते, ते हात एका पेरूसाठी हलू लागले. माणसाचे असेच असते. औषध म्हणून दिले की तोंड फिरवतो, खाऊ म्हणून दिले की हात पुढे करतो.

या खेळात सगळ्यांत रमल्या होत्या त्या द्वारकाक्का. वय बासष्ट, पिठाची गिरणी चालवलेल्या, आणि आता उजवा हात निकामी. पहिल्या आठवड्यात त्यांच्या टोपलीत वीसपैकी एकही पेरू पडला नाही. तीन महिन्यांनी बारा पडले. त्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्यालाही थांबवून सांगितले, की आज बारा.

मग केंद्राला नवे संगणक मिळाले. कुणा सज्जनाने दान दिले होते, त्यामुळे नाव ठेवायला जागा नव्हती. जुने संगणक त्याच दिवशी भंगारात गेले. फरक इतकाच, की नव्या यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टिम निराळी होती. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत आतला सगळा कारभार जी पाहते, ती ही प्रणाली. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कोणी कधी थांबायचे, कोणी कधी चालायचे, हे सारे तिच्या हाती. जुन्या प्रणालीसाठी लिहिलेला खेळ नवीवर आपोआप चालत नाही. तो तिथे नेऊन बसवावा लागतो. शमाने दोन दिवस खपून तो बसवला. नव्या यंत्रावर झाड दिसले, मूठ सरकवली तर टोपली सरकली, आवाजही आला. खेळ पोचला असे तिने धरले आणि निवांत झोपली. या धंद्यातली माणसे इथेच फसतात. सुरू झाले म्हणजे चालले, असे त्यांना वाटते.

सकाळी पहिला मान अर्थातच द्वारकाक्कांचा. त्यांनी मूठ धरली. पेरू सुटला आणि दिसेनासा झाला. दुसराही तसाच. पापणी लवायच्या आत वीसच्या वीस पेरू जमिनीवर. आक्कांनी पडद्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले.

“गेला गं हात,” त्या म्हणाल्या. “परत गेला माझा हात.”

“नाही हो आक्का, मशीन नवीन आहे ना. होईल सवय,” शमा म्हणाली.

आक्कांनी हात पदराखाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण कोणत्याच यंत्रापुढे बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मुलगा निरोप घेऊन आला, की आई घरीही आता उजव्या हाताने वाटीसुद्धा धरत नाही. केंद्रातल्या डॉक्टर शमाला म्हणाल्या, “असा महिनाभर हात निजवून ठेवला ना, तर तो खरोखरच जाईल. मग तुझा पेरू काय आणि कलिंगड काय.”

यानंतरचे चार दिवस शमाने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. पेरू नव्या यंत्रावर बारा-पंधरा पट वेगाने पडत होता. का, ते कळेना. तिने खेळ ओळीन्‌ओळ वाचला. ओळी त्याच होत्या, ज्यांवर तीन महिने सारे सुरळीत चालले होते. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जुनीच प्रणाली होती. तिथे तोच खेळ लावला तर पेरू पूर्वीसारखा शहाण्यासारखा खाली येई. खेळात एक ओळ होती : पेरू एक पाऊल खाली आणल्यावर सेकंदाचा एक हजारावा भाग थांब. शमाने एकाच्या जागी सोळा घातले. नव्या यंत्रावर पेरू ताळ्यावर आला. तिने आनंदाने शेजारच्या, जरा मंद चालणाऱ्या नव्या यंत्रावरही सोळाच घातले, तर तिथे तो रेंगाळत होता. तोच बदल तिने लॅपटॉपवर केला, तर तिथे पेरू निम्म्या वेगाने उतरू लागला. म्हणजे ज्या घरी सुख नांदत होते, तिथेही आता कुरकुर! तिने घाईघाईने लॅपटॉपवरचा आकडा पूर्ववत केला आणि डोके धरून बसली. एकच हिशेब, आणि तीन यंत्रांवर तीन उत्तरे. आपण शिकलो ते खरे, की दिसते ते खरे, हेच तिला समजेना.

शेवटी एका खांद्याला आपला लॅपटॉप आणि दुसऱ्या खांद्याला केंद्राकडून मागून आणलेले नवे यंत्र अशी ती आवटी सरांच्या पडवीत आली.

“सर, नवीन सिस्टिम खराब आहे,” एकाचे सोळा केल्याची हकीकत ऐकवून तिने सांगून टाकले.

“कशावरून?”

“माझ्या लॅपटॉपवर खेळ नीट चालतो ना! हा बघा.” तिने खेळ लावून दाखवला. पेरू डुलत डुलत खाली आला.

आवटी सरांनी नव्या यंत्राची पिशवी उघडलीसुद्धा नाही. लॅपटॉप पुढे ओढला, काहीतरी एक ओळ लिहिली आणि खेळ पुन्हा सुरू केला. झाडावरचे वीसही पेरू एका क्षणात भुईसपाट. सरांनी लॅपटॉप शमाकडे सरकवला.

“झालं,” ते म्हणाले.

शमाचे तोंड उघडेच राहिले. “सर! काय केलंत हे? एवढं एकच नीट होतं माझ्याकडे!”

“नीट होतं?”

“होतं ना! आत्ता तुमच्यासमोर चालला की खेळ!”

तिला राग आला होता, रडूही येत होते, आणि दोहोंपेक्षा जास्त गोंधळ उडाला होता. म्हातारा चळला की काय, अशीही शंका तिला येऊन गेली. हे तिने नंतर स्वतःच मला सांगितले. सर मात्र चष्म्यावरून पाहत बसले होते.

“मी तुझ्या खेळाला हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “बघ हवं तर.”

शमाने पाहिले. खेळातल्या ओळी खरोखरच जशाच्या तशा होत्या. नवी ओळ त्याच्या बाहेर होती, आणि ती खेळाला उद्देशून नव्हतीच. ती प्रणालीला होती.

“मी तुझ्या जुन्या सिस्टिमला एवढंच सांगितलं, की ही पोरगी जितकं थांबायला सांगेल तितकंच थांब. जास्त नको.”

“म्हणजे आधी ती जास्त थांबत होती?”

“पंधरापट. तिचं घड्याळच ढोबळ. सेकंदाचा हजारावा भाग तिला कळत नाही, ती आपली पंधरा भाग डुलकी काढून उठते. तू सोळा म्हटलंस की तिच्या दोन डुलक्या होतात. आणि नवी सिस्टिम?”

शमा हळूच म्हणाली, “मी सांगितलं तेवढंच थांबते.”

“मग खराब कोण?”

शमाची नजर पिशवीतल्या नव्या यंत्राकडे गेली. आवटी सर क्वचितच लांब बोलत. त्या दिवशी बोलले.

“शमा, तुझा खेळ जुन्या यंत्रावर बरोबर होता म्हणून चालत नव्हता. तिथली सिस्टिम तुझी चूक सांभाळून घेत होती. ना तिला ते ठाऊक, ना तुला. आपलं घर आपल्याला असंच सांभाळून घेतं, आणि आपण समजतो आपल्याला सगळं येतं. परक्या दारी गेल्यावर तिथली माणसं आपण बोलतो तेवढंच ऐकतात, तेव्हा आपण काय बोलत होतो ते आपल्याला पहिल्यांदा कळतं. नव्या यंत्रावर तू ठिगळं लावत बसली असतीस तर प्रत्येक यंत्राला वेगळं ठिगळ लागलं असतं. म्हणून मी तुझी चूक तुझ्या घरी आणून ठेवली. इथली वाट तुला माहीत आहे. इथे सापडेल.”

“सापडली,” शमा म्हणाली. “मी पावलं मोजत होते. वेळ मोजायला हवा होता. प्रत्येक फेरीला घड्याळाला विचारायचं, मघापासून किती वेळ गेला, आणि पेरू तितकाच खाली आणायचा. मग सिस्टिम कितीही डुलक्या काढू दे.”

“किती दिवसांचं काम?”

“दोन दिवस. सगळ्या मशीनवर बघायचं म्हणजे तीन.” आणि मग सुटल्याच्या आनंदात ती बोलून गेली, “बरं झालं सर. आमच्या द्वारकाक्कांना तर वाटतंय, त्यांचाच हात पुन्हा गेला. घरी बसल्यात पाच दिवस.”

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. “आणि तू त्यांना काय सांगितलंस?”

“नवीन मशीन आहे, सवय होईल म्हटलं.”

सर चष्मा पुसत राहिले. पण शमाला आपले वाक्य आपल्याच कानांनी ऐकू आले असावे, कारण तिचा चेहरा उतरला. यंत्र नवीन आहे, सवय होईल. याचा अर्थ, यंत्र ठीकच आहे, कमी पडतो तो तुमचा हात. तिने हे मनात आणून म्हटले नव्हते. तरी म्हटले होते.

“मी खेळ दुरुस्त करून घेऊनच जाते त्यांच्याकडे,” ती म्हणाली.

“म्हणजे तीन दिवसांनी?”

तिने दोन्ही यंत्रे तिथेच पडवीत ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या.

द्वारकाक्का गिरणीशेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात पदराखालीच होता. शमा समोर जमिनीवर बसली. काय बोलायचे ते वाटेत दहादा जुळवले होते, पण इथे आल्यावर त्यातले काहीच आठवेना.

“आक्का, पेरू माझ्यामुळे लवकर पडला,” ती म्हणाली. “मी खेळ चुकीचा लिहिला होता. त्या वेगात माझ्या धडधाकट हातालाही एक मिळाला नसता. तुमचा हात जसा होता तसाच आहे.”

आक्कांनी तिच्याकडे पाहिले. “मला बरं वाटावं म्हणून सांगतीस व्हय?”

“नाही. मला कबूल करायला लाज वाटते आहे, तरी सांगते.”

“कवा कळलं तुला?”

“चूक माझी आहे, ते आज कळलं. पण हाताचा दोष नाही, हे त्या दिवशीच दिसत होतं. तेवढं तरी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“पाच दिस गं,” आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता. “पाच दिस मी या हाताला शिव्या घातल्या. मेला मेला म्हणून.”

 शमा मान खाली घालून बसली. थोड्या वेळाने पदर हलला. उजवा हात बाहेर आला, गुडघ्यावर टेकला, जरा थांबला, आणि मग आक्का डाव्या हाताने तो हळूहळू चोळू लागल्या. “उगी उगी,” त्या त्याला म्हणत होत्या.

आपण चूक कबूल करायला जितके दिवस लावतो, तितके दिवस ती दुसरे कुणीतरी आपली समजून सोसत असते.