घारीने पुसलेला नकाशा

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्या काळी सगळ्यांच्या घरांचे नकाशे म्हातारी घार काढून द्यायची. आभाळातून जसं दिसे, तसं ती नखाने ओल्या मातीत रेखाटायची.

काटेरी साळूने तिच्या नकाशावरून दोनदा बीळ खणलं. दोन्ही वेळा बिळाचं तोंड ओढ्याकडेच निघालं आणि पाणी आत शिरलं. भिजलेली पिलं घेऊन ती पुन्हा आली, तेव्हा दिवसभर नकाशे काढून दमलेल्या घारीत मान वर करायचंही त्राण नव्हतं.

"किती वेळा काढू गं? हा ओढा, हे तुझं दार. याहून सोपं कसं करू?"

"घारमावशी, रेघा दिसतात," साळू हळूच म्हणाली. "पण यात मी कुठे उभी आहे, तेच कळत नाही. तुम्ही दमलेल्या असता, म्हणून मी आपली मान डोलावते."

जड पंख मिटून घार साळूशेजारी जमिनीला पोट टेकून बसली. तिथून ओढा दिसतच नव्हता. समोर नुसती चढण होती आणि चढणीवर एक वाकलेलं करवंदाचं झुडूप.

घारीने जुना नकाशा पायाने पुसला. मग मातीत आधी ते झुडूप रेखाटलं आणि त्याच्या बुंध्याशी दार.

या खेपेला साळूने मान डोलावली नाही. ती उठली आणि सरळ झुडपाकडे जाऊन खणू लागली.