वर्षभराचे विडे

महाराजांनी चांदीच्या तबकात विडा ठेवला आणि अख्ख्या दरबाराला एकदम खोकला सुटला!

"गेल्या वर्षी आमचा कापडाचा तांडा घाटात अडला," रणोजीराजे गरजले. "वाटेत दरड कोसळली. शेजारचा घाट मोकळा होता, पण आमचा हुकूम होता याच घाटानं जायचा, आणि आमच्या घराण्यात दिलेला हुकूम फिरवत नाहीत! बैल हंगामभर दरडीपुढं रवंथ करत बसले, कापडाला कसर लागली. यंदा तर कुठं दरड कोसळेल, कुठं लुटारू बसतील, काही नेम नाही. तेव्हा असा एकच हुकूम सांगा, जो वर्षभर बदलावा लागणार नाही आणि तांडाही अडणार नाही. छाती असेल त्यानं विडा उचलावा! जमलं तर तांड्याचा कारभार त्याचा. फसला तर गाढवावर उलटं बसवून धिंड!"

दिवाणजी छताकडे बघू लागले. सेनापतींना स्वतःच्या मिशीत काहीतरी सापडलं.

आता मी कोण? मी रुद्रा, दरबारचा तांबोळी. तो विडा मीच बांधलेला. वेलदोडा काय, केशर काय, वर लवंग टोचलेली! आणि तो तसाच सुकत पडलेला. माझा जीव तुटायला लागला हो! कुणाचंच लक्ष नाही असं बघून मी तो हळूच उचलला आणि तोंडात टाकला.

"वाहवा!" महाराज ओरडले. "मर्द निघाला आमचा तांबोळी!"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण तोंडात रस भरलेला आणि दरबारात थुंकायला बंदी. मी नुसतंच "ऊं ऊं" केलं. महाराजांना तो होकार वाटला.

घरी आलो. माझी बायको येसा ओल्या फडक्यातली पानं चाळत होती. नासलेलं पान काढायचं, चांगलं उलटून ठेवायचं, हे काम लग्नापासून तिचं. दरबारात मिरवायचं काम माझं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला. "घरात पानांचा ढीग, आणि तुम्हाला तबकातलाच विडा हवा!"

"अगं, गाढवावरून धिंड निघेल माझी!"

"मला त्या गाढवाची कीव येते."

"मी पळूनच जातो!"

"कुठल्या वाटेनं?"

"कुठल्याही! जी मोकळी दिसेल तिनं!"

येसा थबकली आणि खुदकन हसली. "अहो, पळायच्या बाबतीत तुमचं डोकं दिवाणजींपेक्षा बरं चालतं की! चला, विडे बांधायला बसा."

मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण विडे बांधताना मधून मधून एखादा खाता येतो, म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही टोपल्यांवर टोपल्या घेऊन दरबारात हजर!

"महाराज, हे तुमचे वर्षभराचे विडे," येसा म्हणाली. "एकदाच बांधले, आता वर्षभर हेच. रोज नवा विडा म्हणजे रोज बदल. तो तुमच्या घराण्याला कुठं चालतो? तांड्याचा हुकूम तांडा निघायच्या आत सांगते."

"शाब्बास! याला म्हणतात करारी बाणा!" महाराज खूश झाले. "हुकूम दिला! वर्षभर हेच विडे!"

सुरुवातीला बरं चाललं. मग पानं पिवळी पडली, मग काळी, मग त्यांवर बुरशी धरली. महाराज तरी चावत राहिले, शब्दाचे पक्के ना! जेवणं झाली की महाराजांचा राग चुकवायला आचारी चुलीमागं लपायला लागले. शेवटी एका दुपारी येसा नि मी टोपली घेऊन उभे असताना महाराजांनी भर दरबारात विडा थुंकला.

"तांबोळ्या! ताजा विडा आण!"

मी चटकन येसाच्या मागं दडलो. ती सडपातळ, मी अघळपघळ, त्यामुळं दोन्ही बाजूंनी दिसत होतो.

"ताजा कसा आणायचा?" येसानं विचारलं. "महाराजांचा हुकूम फिरवायचा?"

"अगं, पान नासलंय! दिसत नाही?"

"दिसतंय की! घाटातली दरडही दिसतच होती, महाराज."

मला तर गाढवाचं ओरडणंसुद्धा ऐकू यायला लागलं.

"मग तुझा हुकूम काय?" महाराजांनी दातओठ खात विचारलं.

"एकच. रोज सकाळी तांड्याच्या पुढं माणूस पाठवायचा, आणि जो घाट मोकळा असेल त्या घाटानं बैल हाकायचे."

"हा कसला हुकूम? वाट रोज बदलेल!"

"वाट बदलेल, हुकूम कुठं बदलतो? महाराज, जेवणानंतर विडा खायचा तुमचा नेम कधीपासूनचा?"

"लग्नापासूनचा!"

"कधी मोडलात?"

"कध्धीच नाही!"

"आणि पान?"

"पान तर रोज ता..." महाराज थांबले. त्यांनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा येसाकडे, आणि असे खदखदून हसले की पागोटं सुटून मांडीवर आलं!

"आमचा शब्दही राहिला आणि बैलही सुटले! येसाबाई, तांड्याचा कारभार आजपासून तुझा! पण या तुझ्या नवऱ्याचं काय करायचं?"

"ह्यांना तांड्याच्या पुढं पाठवते, महाराज. मोकळी वाट ह्यांना सगळ्यांच्या आधी सापडते."

"मग याला एक घोडा द्या!"

"घोडा कशाला? गाढव तयारच आहे की!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. आणि मी निघालो गाढवावरून गावातनं, सगळ्यांच्या देखत. पण तोंड पुढं करून बरं का!